ईश्वरप्पांचा येळवसचा ताप

ईश्वरप्पांना वर्षातून एकदाच ताप यायचा. मार्गशीर्षातल्या अमावास्येला पहाटे चढायचा आणि दिवस मावळला की औषधाशिवाय उतरायचा. थर्मामीटरला तो कधी सापडला नाही. लातूरच्या औसा रोडवर ‘शिवार रेसिडेन्सी’ नावाची इमारत आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर हा ताप लागोपाठ तीन वर्षं येऊन गेला. त्यांच्या बायकोनं, नीलम्मांनी, तिन्ही वेळा उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि पंखा बंद केला. नवऱ्याला कशाचा ताप आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ती अमावास्या म्हणजे येळवस. लातूरकराला हे सांगायची गरज नाही. बाहेरच्या माणसाला मात्र सांगावं लागतं, कारण तो नेमका त्या दिवशी लातुरात उतरला तर गावात दंगल झाली असं समजून परत फिरेल. गंजगोलाईतली दुकानं बंद, ऑटो गायब, चहाला टपरी नाही. सगळं शहर आपापल्या शेतात गेलेलं असतं. शेतात पाच दगडांना चुना लावून मांडायचं, ते पांडव. त्यांच्यावर कडब्याची खोप उभी करायची, पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग पंगत. शेंगा आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, खीर, ताकात मुरवलेली आंबील. जेवण एकट्यानं जेवायचं नाही, हा त्यातला खरा नियम. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं बोलवायचं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून आणायचं. बिनशेताच्या माणसाला जाण्यात कमीपणा नाही आणि शेतवाल्याला बोलावण्यात मोठेपणा नाही.

ईश्वरप्पांना कमीपणा वाटायचा. त्याला कारण होतं. एके काळी या बोलावण्याच्या कामात औसा रोडवर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यांचं शेत रस्त्याला लागून. नाव बोरीची पट्टी, कारण विहिरीच्या काठाला एक म्हातारी बोर होती आणि तिच्याखाली पांडव. येळवसला आप्पा सकाळपासून डांबरीवर उभे. सायकलवाला आला, उतरवला. टेम्पोवाला आला, उतरवला. एका वर्षी त्यांनी निलंग्याची एसटी अडवली. कंडक्टर म्हणाला, “आप्पा, टायमिंग हाय.” आप्पा म्हणाले, “टायमिंग कुणासाठी हाय? गावात हाय कोण उतरून घ्यायला?” कंडक्टरला हे पटलं. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडून सगळे प्रवासी बोरीखाली बसून जेवले आणि गाडी दीड तास उशिरा निलंग्याला पोचली. तिथं चौकशीला माणूस नव्हता. डेपोतले सगळेही कुणाच्या ना कुणाच्या शेतात होते.

मग शहर वाढत वाढत शेताला येऊन भिडलं. आधी रस्ता रुंद झाला, त्यात बांध गेला. बहिणींच्या वाट्याचा भाग विकला. शेजारच्या शेतांमधून क्लासेस उभे राहिले, होस्टेलं आली, आणि सोयाबीनच्या मधोमध कुणीतरी झेरॉक्सचं दुकान टाकलं. मुलगा सत्यम पुण्याला नोकरीला, तो काही औत धरायला येणार नव्हता. शेवटी आप्पांनी सही केली. बिल्डरनं दोन फ्लॅट दिले, खाली एक दुकानाचं शटर दिलं, आणि इमारतीला शिवार हे नावही दिलं. आप्पांची तक्रार काही नव्हती. नळाला चोवीस तास पाणी होतं, गुडघ्यांना लिफ्ट होती. फक्त त्यांच्या डोक्यातून शेत गेलं नव्हतं.

म्हणजे असं की कुरियरवाल्यानं बी विंग विचारली की आप्पा सांगायचे, “हिरीला वळसा घाल.” विहीर बुजवून तिच्यावर जनरेटर बसवलेला. पाचशे दोनच्या माणसानं गाडी आडवी लावली की म्हणायचे, “त्यानं हरभऱ्यात घातलीया.” पांडवांचे पाच दगड मात्र त्यांनी जेसीबी यायच्या आदल्या दिवशी स्वतः उचलून आणले होते. फ्लॅटमध्ये ठेवायचे कुठं? देवघरात मावेनात, हॉलमध्ये ठेवले तर पुण्याहून येणारी सून हसेल. शेवटी गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागं त्यांची सोय झाली. नीलम्मा म्हणायच्या, पांडवांना वनवासाची सवय हाय, राहतील.

फ्लॅटमध्ये आल्यावर पहिल्या येळवसला आप्पा गेले होते बाहेर. त्यांचे बालमित्र लक्ष्मणराव, औशाच्या अलीकडे त्यांची बारा एकर बागायत, त्यांच्याकडे. पंगतीत शेजारी कुणाचा तरी जावई बसला होता, नवखा पोरगा. त्यानं चांगल्या मनानं विचारलं, “आप्पा, तुमचं शेत कुठंय?” येळवसच्या पंगतीत हा प्रश्न सगळेच सगळ्यांना विचारतात. आप्पांनी तोंड उघडलं आणि त्यांना उत्तर सापडेना. ते हात धुवायला उठले ते परत पानावर बसले नाहीत. पुढच्या वर्षीपासून ताप सुरू झाला.

यंदाही तो यायचाच होता. पण अमावास्येच्या दोन दिवस आधी लिफ्टमध्ये घोटाळा झाला.

लिफ्टमध्ये राजकन्या होती. ही धर्माबादची. मुलगी आरती डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करायला लातूरला, म्हणून आईनं दोन वर्षांसाठी इथं खोली केली. मुलगी अभ्यास करते, आई स्वयंपाक करते, आणि वडील तिकडं रान बघतात. अशा आया त्या इमारतीत पुष्कळ. एक लोह्याची, एक मुदखेडची, दोघी बिदरकडच्या. बिदरकडच्या दोघी सोडल्या तर बाकीच्यांकडं येळवसचं एवढं प्रस्थ नाही.

“काका,” राजकन्या म्हणाली, “दूधवाला परवा येणार न्हाई म्हणायलाय. भाजीवाली बी न्हाई म्हणायली. क्लासला बी सुट्टी. काय हाय परवा?”

“येळवस हाय,” आप्पा म्हणाले. आणि चाळीस वर्षांची सवय, येळवस या शब्दाच्या पाठोपाठ तोंडातून जे यायचं ते आलंच. “या की आमच्या शेतावर. लेकीला घेऊन या. त्या लोह्याच्या बाईला बी सांगा, समद्यांस्नी सांगा. न्हाई म्हणायचं न्हाई.”

लिफ्टचं दार उघडलं. राजकन्या खुशीत निघून गेली. आप्पा आतच राहिले आणि लिफ्ट त्यांना घेऊन पुन्हा खाली गेली.

घरी येऊन त्यांनी नीलम्मांना सांगितलं. नीलम्मा पोहे निवडत होत्या.

“कुठल्या शेतावर?” त्यांनी विचारलं.

“तेच तर.”

“मग सांगा त्यांना जाऊन, चुकून बोललाव म्हणून.”

“बोलावलेल्या माणसाला नगं म्हणू? येळवसला?”

नीलम्मांनी सूप बाजूला ठेवलं. “तुमचं तुमी बगा. मी आंबील घालते. दोन दिवस मुरू द्यावी लागती.”

संध्याकाळपर्यंत आकडा फुगला. राजकन्येनं सगळ्यांना सांगितलं होतं आणि सांगितलेल्यांनी आणखी सांगितलं होतं. मुदखेडची बाई जिन्यात भेटून म्हणाली, “काका, किती दिवस झाले रान पाहून. लेकरं तर चारी भिंतीत पिवळी पडायलीत.” आप्पा म्हणाले, हाव, हाव. घरी येऊन त्यांनी पाणी प्यायलं आणि लक्ष्मणरावांना फोन लावला. इलाज नव्हता.

लक्ष्मणरावांनी सगळं ऐकून घेतलं. ते दिलदार माणूस. “आण की समद्यांना,” ते म्हणाले. “दोन गाड्या पाठवतो. माझं शेत काय अन् तुझं काय, तुझंच म्हणून सांग त्यांना. मी कायबी बोलणार न्हाई.”

आप्पांनी बरं म्हणून फोन ठेवला. लक्ष्मणराव मनापासून बोलले होते, त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. दुसऱ्याच्या रानात उभं राहून हे माझं असं सांगायचं. बायकांना फसवायचं, आणि मित्रानं ते बघून गप्प राहायचं. त्यापेक्षा ताप बरा. रात्री अंथरुणावर पडताना त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला.

“औंदा ताप येऊ द्यायचा न्हाई,” अंधारात नीलम्मा म्हणाल्या. “मी भज्जीला शेंगा सोलून ठेवल्यात.”

अमावास्येला पहाटेच आप्पांना जाग आली. स्वयंपाकघरातून चिंचेचा आणि फोडणीचा वास येत होता. लक्ष्मणरावांच्या गाड्या दहाला येणार होत्या. आप्पा गॅलरीत जाऊन उभे राहिले. गेली तीन वर्षं या वेळेला ते तोंडावर पांघरूण घेऊन पडलेले असायचे, त्यामुळे ही सकाळ त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

खाली गाड्या निघत होत्या. पाचशे दोनवाला निघाला, डिकीत पातेली भरून. दातांचे डॉक्टर बायको, आई, सासू आणि उसाच्या मोळीसकट निघाले. सोसायटीचे सेक्रेटरी निघाले. त्यांचं शेत रेणापूरकडं. एकेक गाडी गेटातून बाहेर पडत होती आणि आप्पा नुसते बघत होते. अर्ध्या तासात पार्किंग झाडून रिकामं झालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जमीन दिसायला लागली. वॉचमनच्या खोलीपासून मागच्या गेटापर्यंत, मध्ये काही नाही. ही रुंदी आप्पांच्या ओळखीची होती. या रुंदीत त्यांनी तिफण चालवली होती.

वर्षभर त्यांचं शेत गाड्यांखाली असायचं. शहर आपापल्या शेतात गेलं की त्यांचं मोकळं व्हायचं. हे त्यांना चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण, सगळे गेलेले असायचे.

आप्पांनी वॉशिंग मशीन पुढं ओढलं. त्याचा आवाज ऐकून नीलम्मा हातात पळी घेऊन आल्या. आप्पा पाचही दगड बाजाराच्या पिशवीत भरत होते.

“चुना हाय का?” त्यांनी विचारलं.

नीलम्मांनी फडताळातून चुन्याची पुडी काढून दिली. ती त्यांनी कालच आणून ठेवली होती, पण ते काही त्या बोलल्या नाहीत. आप्पांनी मग लक्ष्मणरावांना फोन करून गाड्या पाठवू नको एवढंच सांगितलं. कारण विचारायच्या आत ठेवूनही दिला.

खाली जाऊन जागा शोधायला थोडा वेळ गेला. बोर नव्हती, आणि बुजलेल्या विहिरीचा काठ जनरेटरखाली कुठं संपत होता ते कळेना. पण रस्त्यापलीकडची मोठी चिंच अजून उभी होती आणि महादेवाच्या देवळाचा कळस बँकेच्या पाटीच्या वरून दिसत होता. पांडवांच्या जागेवरून चिंच आणि कळस एका रेषेत यायचे. आप्पा अनवाणी मागं सरकले, डावीकडं सरकले, दिव्याच्या खांबाला धडकले, आणि मग दोन्ही एका रेषेत आले. पायाखाली पिवळ्या रंगात आकडा होता आणि सेक्रेटरींच्या गाडीच्या तेलाचा डाग. आप्पांनी तो डाग धुऊन काढला. दगडांना चुना लावून ते मांडले. वॉचमनच्या खोलीमागं त्याच्या बायकोनं शेळीसाठी कडबा ठेवला होता, त्यातल्या पाच पेंढ्या मागून आणून खोप केली.

दहा वाजता बायका गेटाशी जमल्या. डोक्याला रुमाल, हातात पाण्याच्या बाटल्या, मुलींच्या डोक्यावर टोप्या. राजकन्येनं धर्माबादच्या लाल मिरचीचा ठेचा डब्यात आणला होता, लोह्याच्या बाईनं दशम्या. लिफ्टमधून नीलम्मा उतरल्या. डोक्यावर आंबिलीचं मडकं, त्यावर हिरवी खणाची चोळी झाकलेली. लिफ्टच्या छताला मडकं लागू नये म्हणून त्या तिन्ही मजले गुडघ्यात वाकून आल्या होत्या.

“गाडी कुठंय काका?” आरतीनं विचारलं.

“गाडी न्हाई. चालत जायचं असतंय.”

पुढं आप्पा, मागं नीलम्मा, त्यांच्यामागं सगळ्या. गेटातून बाहेर पडले. डांबरीवर चिटपाखरू नव्हतं. कंपाउंडच्या भिंतीला धरून उजवीकडं वळले, मेडिकल गेलं, बंद झेरॉक्स गेलं, परत उजवीकडं वळले. मागचं गेट आलं. आप्पांनी कडी काढली आणि आत गेले.

बायका थांबल्या. राजकन्येनं वर बघितलं. तिच्या स्वतःच्या गॅलरीत तिचीच साडी वाळत होती.

“काका, ही तर आपलीच पार्किंग हाय.”

आप्पांना घाम फुटला होता. पण आता मागं फिरायला जागा नव्हती, आणि का कोण जाणे, फिरावंसं वाटतही नव्हतं.

“पार्किंग वरून हाय,” ते म्हणाले. “खाली शेत हाय. बोरीची पट्टी म्हणत्यात हिला. माझ्या आज्यानं केलेलं रान. तिथं हीर होती, ही करडी, ह्या अंगाला ज्वारी. तुमाला सवयीनं बोलावून बसलाव. रान दाखवतो म्हणलं, अन् माझ्याजवळ एवढंच हाय. तुमास्नी बरं वाटलं न्हाई तर रागावू नका.”

मुदखेडच्या बाईच्या हातातली पिशवी या हातातून त्या हातात गेली. आप्पा खाली बघत उभे राहिले.

राजकन्येनं गेटाच्या बाहेरच चपला काढल्या. शेतात पूजेला जाताना बांधावर काढतात तशा, नीट जोडून ठेवल्या, आणि अनवाणी आत आली. तिच्यामागं लोह्याची आली, मग बिदरच्या दोघी, मग मुली. गेटाशी चपलांची रांग लागली. आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले.

पूजा झाली. आंबील चार कोपऱ्यांना शिंपडायची म्हणून आप्पा जनरेटरपाशी गेले, ट्रान्सफॉर्मरपाशी गेले, भिंतीकडेला मातीची हातभर पट्टी उघडी राहिली होती तिथं दोन ओंजळी जास्त टाकल्या. मग पंगत बसली, खांबाच्या या बाजूला आणि त्या बाजूला. मुलींना भज्जी इतकी आवडली की आरतीनं तिसऱ्यांदा मागून घेतली. आप्पांना मात्र बसवेना. ते पुढच्या गेटाशी जाऊन डांबरीवर उभे राहिले आणि जुन्या सवयीनं माणसं उतरवायला लागले. बंदोबस्तावरचे दोन पोलीस आले. रिकामी ॲम्ब्युलन्स घेऊन चाललेला ड्रायव्हर आला. तो म्हणाला, मी ड्युटीवर हाय. आप्पा म्हणाले, आज गावात आजारी पडायला हाय कोण?

बाराच्या सुमाराला लक्ष्मणरावांची जीप आली. ते तणतणतच उतरले.

“गाड्या नगं म्हणलास, फोन उचलंना झालास. ताप आला का म्हणून बघाया आलाव. काय करलालास हितं?”

“माणसं जेवायलीत,” आप्पा म्हणाले. “बस. नीलम्मा, लक्ष्मणरावाला वाढ.”

“माझ्या शेतावर पन्नास माणूस हाय अन् मी हितं जेवू?”

“येळवसला न्हाई म्हणायचं न्हाई.”

लक्ष्मणरावांनी आत पाहिलं. पांढरे पाच दगड, खोप, पंगत. मग त्यांनी गेटाशी जोडे काढले, पांडवांच्या पाया पडले आणि पोलिसांच्या शेजारी मांडी घालून बसले. भज्जीत मीठ जरा कमी आहे असंही म्हणाले. हे ते बोरीखालीसुद्धा दरवर्षी म्हणायचे.

जेवण आटोपल्यावर त्यांनी विचारलं, “आता तरी येलालास का माझ्याकडं?”

“येतो,” आप्पा म्हणाले. “आमची झाली की.”

आपली येळवस उरकली की दुपारनंतर दुसऱ्याच्या शेतात जायचं, ही रीतच आहे. आप्पांनी बायकांनाही सोबत घेतलं. जीपमध्ये आणि ॲम्ब्युलन्समध्ये मिळून सगळे मावले. लक्ष्मणरावांच्या उभ्या ज्वारीत मुली सुटल्यासारख्या पळाल्या. मुदखेडची बाई बांधावर बसून हरभऱ्याचे घाटे खात राहिली आणि कोणाशी बोलली नाही, इतकं तिला बरं वाटत होतं. आप्पांना पोटात जागा नव्हती, तरी ते पंगतीला बसले आणि आंबिलीचा पेला त्यांनी दोनदा भरून घेतला.

शेजारी एक अनोळखी गृहस्थ होते. नुकतेच बदलून आलेले, कुठल्याशा कॉलेजात शिकवणारे. लक्ष्मणराव समोर वाढत होते. गृहस्थांनी उंडा मोडता मोडता सहज विचारलं, “आप्पा, तुमचं शेत कुठंय?”

लक्ष्मणरावांच्या हातातली पळी थांबली.

“औसा रोडला,” आप्पा म्हणाले. “बोरीची पट्टी. रस्त्याला लागूनच हाय, कुणालाबी इचारा. अन् फुडच्या येळवसला जेवायला आमच्याकडं यायचं. न्हाई म्हणायचं न्हाई.”